धडकेविना भोवरा

वरठी, ११ जानेवारी २०२३

खुशबू,

मायना लिहीत नाही. जो सुचतोय तो लिहिला तर तू पुढचं वाचणार नाहीस, आणि पुढचं तू वाचावंस अशी माझी फार इच्छा आहे.

तीन वर्षांनी तुझा मेल आला. ‘हाय प्रति, होप यू आर वेल.’ आहे बरी. अमरचं लग्न ठरलं, त्यासाठी तू मार्चपर्यंत जर्मनीहून सिहोऱ्याला येऊन राहिली आहेस, हे शेवटच्या ओळीत कळलं. मधल्या सगळ्या ओळींत माझी सही.

मेलला मेलनं उत्तर देता आलं असतं. फोनही करता आला असता. पण फोनवर तू मधे बोलतेस. मी आवाज चढवला की तू रडतेस, आणि तू रडलीस की मीच समजूत काढत बसते. हे फार वर्षं केलं. म्हणून कागद घेतला. तुमसरला गाडी बदलली की तुझं गाव, तरी पोस्टानंच पाठवते.

आता तुझी मागणी मी सरळ शब्दांत मांडते, म्हणजे दोघींनाही नीट दिसेल. तुझा गाजलेला लेख अडचणीत आहे. दुसऱ्या देशातल्या लोकांनी संगणकातलं तेच सिम्युलेशन स्वतः करून पाहिलं आणि तुला मिळालेला वायूचा भोवरा त्यांना काही मिळेना. नियतकालिकानं खुलासा मागितला. तू लिहिलास: वायूची सुरुवातीची मांडणी प्रतिक्षाने केली होती, तिच्यात दोष राहिला. खाली माझ्या सहीसाठी रेघ. मी त्या रेघेवर नाव लिहायचं, की तुझी तिकडची कायमची नोकरी पक्की. लेख छापला तेव्हा त्यावर तुझं आणि आपल्या गाईडसरांचं नाव होतं, माझ्यासाठी जागा नव्हती. चूक निघाल्यावर बरी जागा झाली.

मी मोहाडीला ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. अकरावीच्या पोरींना मागच्या आठवड्यात आपला विषय सांगितला. म्हटलं, शेकडो दीर्घिका एकत्र असतात, त्याला समूह म्हणायचं. त्यांच्या मधल्या पोकळीत कोट्यवधी अंश तापलेला विरळ वायू असतो. दोन समूह एकमेकांवर आले की दीर्घिका मधून निघून जातात, कुणाला खरचटत नाही. न दिसणारं कृष्णद्रव्य तर सरळ आरपार जातं. अडतो तो वायू. तो तापतो, मागे राहतो, आणि पुढे कित्येक कोटी वर्षं आतल्या आत हिंदकळत बसतो. एक पोरगी म्हणाली, ‘मॅडम, सगळे निघून गेल्यावर तो एकटाच काहून त्रास करून घेते?’ मी म्हटलं, पुस्तकात नाही, परीक्षेत येणार नाही.

पुण्यात पीएचडीला आपण तेच करत होतो. समूहातलं गुरुत्व तू मांडायचीस, वायू मी मांडायची, मग दोन समूह संगणकात एकमेकांवर सोडायचे. भंडाऱ्याच्या दोन पोरी म्हणून सगळी संस्था आपल्याला एकाच नावानं हाक मारायची. आपली एक शिस्त होती, आठवते? धडक द्यायच्या आधी समूह एकटा चालवायचा. समोर कुणी नाही, दुसरा समूह नाही, काही नाही. दोन अब्ज वर्षं संगणकात त्याला नुसतं बसू द्यायचं. वायू शांत राहिला तर मांडणी बरोबर. कुणी आलेलं नसताना तो फिरायला लागला तर दोष आपल्यातच आहे, येणाऱ्याच्या नावावर तो ढकलता येत नाही.

तुझ्या लेखाचं म्हणणं असं की एक लहानसा समूह नुसता दुरून गेला तरी मोठ्याच्या पोटात असा भोवरा उठतो. सुंदर म्हणणं आहे. आकृती तर फारच सुंदर होती. आई नागपूरला दवाखान्यात होती, मी तिच्या उशाशी होते, तेव्हा तू ती फोनवर पाठवलीस. मी लगेच विचारलं, एकटा चालवलास का? तू म्हणालीस, ‘चालवला ना, शांत हाय.’

म्हणून आज पुन्हा एकदा विचारते. चालवला होतास का?

याचं उत्तर आल्याशिवाय सहीचं बोलू नको.

प्रतिक्षा

वरठी, २९ जानेवारी २०२३

खुशबू,

मी प्रश्न विचारला होता, तू भाऊ पाठवलास.

अमर पत्रिका घेऊन आला. चांगला दिसायला लागलाय. बाबा स्टील प्लांटमधून नुकतेच आले होते, डब्याची पिशवीसुद्धा अजून सायकललाच होती. अमरनं आमच्या दोघांच्या पाया पडून पत्रिका दिली. म्हणाला, ‘ताई, या लागते. माय म्हणे, तिले हातातच दे, नाई तं येणार नाई ते.’ मग चहा निम्मा झाल्यावर खाली बघत: ‘अन ते कागदाचं... करून द्या ना. रोज रडून राहिली ते. जेवत नाई.’

बघ, इथंही रडणं तुझ्या आधी पोचलं.

मी काही बोलायच्या आत बाबाच म्हणाले, ‘देऊन टाक ना माय सही. तुले का करायचं हाय आता त्याचं? तू का परत जाऊन राहिली तिकडं?’

अमरसमोर मी हसून घेतलं. तो गेल्यावर भांडले. बाबांनी रात्रपाळ्या करून मला पुण्याला पाठवलं, परत आले तेव्हा एका शब्दानं विचारलं नाही. पण त्यांच्या मनात ती गोष्ट कधीच मिटली आहे. पोरगी गेली, जमलं नाही, आली. त्यांना त्यात लाजही वाटत नाही, हेच मला सहन होत नाही. मी ओरडले, ‘माझी चूक नव्हती बाबा!’ ते म्हणाले, ‘मी कुठं म्हटलं होती म्हणून?’ आणि हातपाय धुवायला गेले.

खरं सांगू? ओरडले, पण मला खात्री नव्हती. तीन वर्षं नाही. वायू माझाच होता, हे तर खोटं नव्हतं. गटाच्या बैठकीत तुझ्या आकृतीवर पहिली शंका निघाली, सरांनी विचारलं, ‘गॅस कुणी मांडला?’ आणि तू म्हणालीस, ‘प्रतिक्षानं.’ एवढंच. पुढचं सरच बोलले, हळू आवाजात, इंग्रजीत: राखीव जागांवरून आलेल्यांचा पाया कच्चा असतो, आपण समजून घ्यायला हवं. समजून घ्यायला हवं म्हणे! तू वहीत काहीतरी लिहीत होतीस. मी तुझ्याकडे बघत राहिले, तू मान वर केली नाहीस.

तुझ्या घरी मला कधी वेगळा कप मिळाला नाही. धुरपतामावशीनं, तुझ्या मायनं, मला स्वतःच्या ताटाशेजारी बसवून जेवू घातलं. तुमच्या धानाच्या बांधीत आपण दोघी मिळून रोवणीला उतरलो, चिखलात पडलो, हसलो. म्हणूनच मी गाफील राहिले. जिथं घाव अपेक्षित असतो तिथं माणूस सावध असतो गं.

मग लॉकडाऊन लागला, मी घरी आले, पीएचडी सुटली. संस्थेनं माझं खातं बंद केलं, मशीनला हात लावता येईना. नंतर दुसऱ्या मशीनला लावता आला असता, पण मी लावला नाही. एकटा समूह चालवला आणि माझाच वायू फिरला तर? त्यापेक्षा न बघितलेलं बरं, असं तीन वर्षं म्हणत राहिले.

तू अजून उत्तर दिलेलं नाहीस.

प्रतिक्षा

मोहाडी, १९ फेब्रुवारी २०२३

खुशबू,

उत्तर मीच शोधलं.

बारावीच्या परीक्षांसाठी आमची संगणकाची खोली रिकामी होती. प्राचार्यांना म्हटलं, मशीन तपासून ठेवते. ते खूश झाले. जुना कोड माझ्याकडे होताच. मशीन आपल्या पुण्याच्या मशीनपुढे खेळणं, त्यामुळे आकडेमोडीची जाळी ढोबळ ठेवली. भोवरा आहे की नाही एवढं दिसलं तरी पुरे होतं.

आधी माझा वायू माझ्या वेळच्या गुरुत्वात ठेवला. एकटा. दोन अब्ज वर्षं. बाहेर आठवडी बाजाराची गडबड, आत मी पडद्यासमोर हाताची नखं खात बसलेली. वायू जागचा हलला नाही, खुशबू. इतका शांत की मला वाटलं मशीनच अडकलं.

मग लेखात दिलेले आकडे घेऊन तुझं गुरुत्व टाकलं. नियतकालिकाच्या परीक्षकानं सांगितलं म्हणून सरांनी ते ऐनवेळी बदलायला लावलं होतं, ते. वायू तोच माझा, जुना. पुन्हा एकटा. समोरून कुणी येणार नव्हतं. तरी तो हिंदकळायला लागला, आणि हळूहळू तुझा तो सुंदर भोवरा उठला. छापलेला, गाजलेला, तुला जर्मनीला घेऊन गेलेला.

आकडे बघितल्यावर कळलं. तुझ्या नव्या गुरुत्वाचा मध्य जुन्या मध्यापासून किंचित सरकलेला आहे. तू पातेलं बदललंस, ते थोडं बाजूला ठेवलंस, आणि पाणी मात्र जुन्या पातेल्याच्या मापानं ओतलंस. मग ते आतल्या आत फिरणार नाही तर काय करणार? नव्या गुरुत्वासाठी वायू नव्यानं मांडायचा असतो, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. मी दवाखान्यात होते, घाई होती, तू जुनी फाईल उचललीस. होतं असं. कुणाचंही होतं. मला राग या चुकीचा येत नाही.

खोलीत कुणी नव्हतं. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. आनंदानं की कशानं ते सांगता येत नाही.

तुला आकृती पाठवत नाही. माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही, तू स्वतः चालव. तुझ्याकडे मोठं मशीन आहे, दुपारभरात होईल. चालवून झालं की नियतकालिकाला जे दिसलं ते लिही. मी अजून समजते की तू घाईत ती पायरी गाळलीस आणि मला खोटं ‘चालवला’ म्हणालीस. तेवढं मी माफ करू शकेन असं वाटतं. लग्नाला येईन.

प्रतिक्षा

वरठी, १४ मार्च २०२३

खुशबू,

लग्नात नीट बोलणं झालं नाही असं तू अमरकडून कळवलंस. झालं की. फार नीट झालं. तुझ्या लक्षात राहिलं नसेल तर मी लिहून ठेवते.

मी आले तेव्हा मावशीनं मला दारातच धरलं. ‘आली का वो बाई! किती वाळली. आधी जेव, मंग भेट सगळ्याईले.’ मांडवामागे लाखोळीच्या डाळीचे वडे तळणं चाललं होतं, तिथं मला पाटावर बसवलं आणि पान वाढलं. तू हिरव्या शालूत आलीस. वडे तळणाऱ्या बायका पंगतीकडे गेल्या होत्या. तू माझ्या शेजारी उकिडवी बसलीस, तशी आपण पूर्वी बसायचो.

मी विचारलं, ‘चालवला का एकटा?’

‘चालवला.’

‘आता?’

‘तवाच. पेपर परत पाठवाच्या आधी.’

‘मंग?’

‘फिरून राहिला होता. समोर कोणी नसतानी भी.’

‘मले तं शांत हाय म्हटलं होतं तू.’

‘सर लई खूश होते, प्रति. त्याईनं सगळ्याईले दाखवून टाकलं होतं. मी कसं सांगू?’

‘मंग बैठकीत माहं नाव काहून घेतलं?’

तू शालूचा काठ बोटाला गुंडाळत होतीस. म्हणालीस, ‘तुह्यावर आलं तं कोणी जास्त विचारणार नाई, हे मले माहीत होतं.’

आणि मग तू रडलीस. या वेळी मी समजूत काढली नाही. हात धुतले, मावशीच्या पाया पडले, अमरला आहेर दिला आणि तुमसरची गाडी पकडली.

मी तुला आळशी समजत होते. घाबरट समजत होते. तू तर सगळं तपासून, मोजून केलंस. आपल्यातलं कोण किती वजनाचं, सर कुणाचं ऐकतील, कुणाचं नाव घेतलं की चौकशी तिथंच थांबेल, याचा हिशेब तू संस्थेतल्या कुणाहीपेक्षा चांगला केलास. आणि तीन वर्षं मी स्वतःच्या वायूकडे संशयानं बघत होते, ते तू बघू दिलंस. नोकरी घेतलीस ती घे. लेख घेतलास तोही घे. पण मला स्वतःवरचा विश्वास गमवायला लावलास, आणि तुझ्याकडे उत्तर होतं! एक ओळ पाठवली असतीस, निनावी, तरी चाललं असतं.

सही करणार नाही. तुला मागायचं तोंड राहिलेलं नाही आणि मला द्यायचा हात राहिलेला नाही.

आता दुसरं. जानेवारीपासून लपवलं ते सांगते. मी पुन्हा पीएचडीसाठी अर्ज केला आहे, दुसऱ्या संस्थेत. जूनमध्ये मुलाखत आहे. तुझ्या कागदावर सही केली असती तर तो अर्ज त्याच दिवशी मेला असता. बाबांनाही आजच सांगितलं. ते म्हणाले, ‘पुन्हा?’ मी म्हटलं, पुन्हा.

प्रतिक्षा

वरठी, २५ जून २०२३

खुशबू,

तुझी दुरुस्ती छापून आली. वाचली.

‘वायूची सुरुवातीची मांडणी गटातील एका पूर्वीच्या सदस्याने केली होती.’ सही मिळाली नाही म्हणून नावही काढलंस. आता मी चुकीचीसुद्धा मालकीण नाही, कुणीतरी एक पूर्वीची सदस्य आहे. भोवऱ्याचा निष्कर्ष ‘तपासाधीन’ ठेवलास. तुला नोकरी मिळाल्याचं अमरनं सांगितलं, पेढे आणून दिले. बाबांनी खाल्ले.

मुलाखतीत पाच जण होते. एका बाईंनी माझी माहिती चाळली आणि थांबल्या. ‘तुम्ही त्या गटात होता. त्या दुरुस्तीतला पूर्वीचा सदस्य कोण, माहीत आहे का?’

नाव नव्हतं. नाही म्हटलं असतं तर कुणाला कळलं नसतं. गटात आणखी चार पोरं येऊन गेली, त्यांच्यातलं कुणीही असू शकलं असतं. खुशबू, तू ज्या हिशेबानं जगतेस तो हिशेब माझ्यासमोर ताटात वाढून ठेवला होता, आणि मला भूकही लागली होती.

मी म्हटलं, ‘मी. वायू माझा होता. पण दोष वायूत नाही.’ फळ्यावर दोन्ही मध्य काढून दाखवले. एक गृहस्थ हसून म्हणाले, ‘कॉलेजच्या मशीनवरून तुम्ही एवढा मोठा निष्कर्ष काढता?’ मी म्हटलं, ‘काढत नाही. एकटा चालवून बघा एवढंच म्हणते. तुमच्या मशीनवर, माझ्याशिवाय.’

त्यांनी चालवलं. आठवड्यानं बाईंचा फोन आला. निवड झाली. त्यांनी विचारलं, ‘हे त्या वेळी कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?’

मी म्हटलं, मला सांगता येणार नाही.

का म्हटलं ते माझं मलाच कळलेलं नाही. तुझ्यावर दया आली असं समजू नको.

प्रतिक्षा

वरठी, ८ फेब्रुवारी २०२५

खुशबू,

सुट्टीवर आले आहे. हे शेवटचं पत्र, आणि सोबत तीस पानांचं ओझं आहे, म्हणून रजिस्टर्ड पाठवते. पत्ता या वेळी तुझ्या जर्मनीच्या घराचा, मावशीकडून घेतला. मावशीनं कशाला हवा ते विचारलं नाही, फक्त म्हणाली, ‘भांडण मिटलं का वो?’ मी हो म्हटलं. तिच्याशी खोटं बोलायची वेळही तूच आणलीस.

सोबत आमच्या लेखाचा मसुदा आहे. नवं गुरुत्व, त्यासाठी नव्यानं मांडलेला वायू, मोठं मशीन, बारीक जाळी. एकटा समूह शांत. लहान समूह दुरून गेला तरीही शांत. तुझा भोवरा त्या दुरून जाण्यानं आलेला नव्हता, हे आम्ही दाखवतो. लेखावर पहिलं नाव माझं आहे. तुझं नाव मजकुरात जागोजाग आहे, पूर्ण, आडनावासकट. ‘एक पूर्वीची लेखिका’ असं मी कुठंही लिहिलेलं नाही.

कुणाचा निष्कर्ष खोडायचा तर छापण्याआधी मसुदा त्याच्याकडे पाठवायचा, त्याचं म्हणणं घ्यायचं, अशी आपल्या कामात रीत आहे. तीच पाळते आहे. तिच्या पलीकडे यात काही नाही.

तिसऱ्या भागात एक परिच्छेद रिकामा आहे. मूळ लेखिकेनं एकट्या समूहाची चाचणी केली होती का, याबद्दल तिथं एक वाक्य हवं. माझ्या गाईड मॅडमनी मला तीनदा विचारलं. मला उत्तर ठाऊक आहे, मी दिलेलं नाही. तू मला ते सांगितलंस तेव्हा आजूबाजूला फक्त कढई होती. मी लिहिलं तर तो आरोप होईल, आणि तू नाही म्हणालीस तर लोक पुन्हा एकदा कुणाचं ऐकतील ते आपल्या दोघींनाही माहीत आहे. म्हणून ते वाक्य तूच लिहायचं आहेस. लिहिलं नाहीस तर छापताना तिथं एवढंच जाईल की विचारलं होतं, उत्तर आलं नाही.

तुझी नोकरी जाईल की राहील, मला सांगता येत नाही. तुला काळजी वाटत असेल. वाटू दे. मलाही तीन वर्षं वाटत होती.

मला तुझी आठवण येते, हेही लिहून टाकते. नवा समूह पहिल्यांदा एकटा चालवला आणि शांत राहिला, तेव्हा ओरडून सांगावं असं एकच माणूस होतं आणि ते तू होतीस. त्याचा मला अजून राग येतो.

मांडवामागे मला जे आपल्या झाडी बोलीत सांगितलंस, तेच लिही. फक्त इंग्रजीत लिही, छापायचं आहे.

प्रतिक्षा